रोज येणारा भाऊ

गावात कुणाचं लग्न ठरलं की नवरीची आई पत्रिका छापायच्या आधी माझ्याकडं यायची. "एक चांगलंसं नाव जुळवून दे गं पोरीला." नाव म्हणजे उखाणा. नवऱ्याचं नाव, सासरचं गाव, दारात ट्रॅक्टर असला तर ट्रॅक्टर आणि नसला तर तुळस, एवढा माल मिळाला की तव्यावरची पोळी फुगेपर्यंत मी दोन ओळी बसवून द्यायचे. कर्जतपासून अर्ध्या तासावरचं आमचं गाव. आसपासच्या कितीतरी सुना आजही नवऱ्याचं नाव माझ्या शब्दांत घेतात. याचा मला गर्व होता. गर्वाचं घर खाली असतं हे मला पाठ होतं, पण ते दुसऱ्याचं घर असतं अशी माझी समजूत होती.

एका संक्रांतीला आमच्या भागातल्या नेत्यानं हळदीकुंकू ठेवलं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात, तेव्हा मीही इथं भाऊच म्हणते. वाण म्हणून स्टीलचा डबा होता आणि झाकणावर भाऊंचा हसरा फोटो. बायकांनी मला ढकलून उभं केलं आणि मी नवऱ्याच्या नावाबरोबर भाऊंचंही नाव गुंफून उखाणा घेतला. मंडप हसून लोळला. शेजारी सासूबाईंनी पदर तोंडाला लावला तो हसण्यासाठी नव्हता, हे मला घरी आल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी भाऊंची सोशल मीडियाची बाजू बघणाऱ्या एक बाई घरी आल्या. पुण्याच्या होत्या. चहा बिनसाखरेचा मागितला आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "ताई, तुमच्यासारखं लिहिणारं आमच्याकडं कुणी नाही. आमची मुलं विकासाचं लिहितात. रस्ता झाला तर लोक त्यावरून गाडी पळवतात, पोस्ट पुढं पाठवत नाहीत. तुम्ही नातं लिहा."

नातं लिहा. मला वाटलं, हे तर मी आयुष्यभर करतेय.

नवरा सुप्याला कंपनीत, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा. दुपारी जेवणं उरकली, सासूबाई लवंडल्या, की मी ओट्याशी उभी राहून मोबाईलवर लिहायचे. "आजारात औषध, दुःखात खांदा, आमचा भाऊ म्हणजे घरचाच बंदा." असल्या ओळी. आज वाचल्या तर माझ्याच कानशिलात मारावीशी वाटते. पण तेव्हा संध्याकाळपर्यंत त्या सगळ्या गटांत फिरायच्या, खाली लाल बदामांची रांग लागायची, आणि राशीनच्या, मिरजगावच्या अनोळखी बायका लिहायच्या, "अगदी मनातलं बोललात ताई." उखाण्याला बायका घडीभर हसतात आणि पंगतीला पळतात. इथं मात्र त्या रडत होत्या, चिडत होत्या, आमच्या भाऊंबद्दल कुणी ब्र काढला की तुटून पडत होत्या. माझ्या दोन ओळींवर. ही नशा मी कबूल करते.

मग एक चौकट आली. आपला फोटो त्यात घातला की वर मोठे भाऊ, खाली पट्टीवर "मी भाऊंची बहीण" आणि कोपऱ्यातल्या गोलात आपण. मी ती लावली. नवरा म्हणाला, "यात तू कुठंय ते भिंग घेऊन शोधावं लागतंय." मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

आता खरा भाऊ सांगायला हवा.

माझं माहेर घोडेगावचं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, तिथल्या बाजारात म्हशींची दलाली करतो. त्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हातात हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि शेजारी उभ्या माणसालासुद्धा काय ठरलं ते कळत नाही. असल्या धंद्यात वाढलेला माणूस बोलण्यात किती सढळ असणार? दादाचं फोनवरचं बोलणं म्हणजे "हाय का बरी? बरं मंग. ठिवतो." लहानपणी तो उपरण्याखाली माझी बोटं दाबून विचारायचा, "सांग किती?" आणि मी ओरडून सांगितलं की म्हणायचा, "बाई, तू तोंड उघडलं. सौदा फसला." थोरला भाऊ धाकटीला म्हणतो तसं तो मला बाईच म्हणतो.

लग्नानंतर दर भाऊबीजेला दादा मुराळी म्हणून यायचा. सकाळी फटफटीचा आवाज आला की मी ताट करायला घ्यायचे. माझ्याकडं ओवाळून घ्यायचं, जेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी मला माहेरी न्यायचं, हा त्याचा नेम. हँडलला आईनं जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी. ती आईकडून भरून यायची आणि माझ्याकडून भरून जायची. आमच्या घरात कुणाची पिशवी, कुणाचं पातेलं रिकामं परत जात नाही. काही नसलं तर अंगणातला कढीपत्ता तरी पडतोच.

आणि दादा भाऊंच्या विरोधातल्या बाजूचा होता. म्हणजे फार काही नाही, सभेला जायचा, स्टेटसला त्या पुढाऱ्याचा फोटो ठेवायचा, बस. घरच्यांचा एक व्हॉट्सॲप गट होता, त्यात मी माझ्या ओळी टाकायचे. दादा कधी बोलला नाही. मग प्रचार तापला. भाऊंची काही माणसं फुटून पलीकडं गेली आणि पुण्याच्या बाईंनी सांगितलं, "ताई, आता माया पुरे. जरा राग येऊ द्या." मी राग येऊ दिला. "जे तिकडे गेले, त्यांच्या रक्तातच खोट" अशी सुरुवात करून खाली काय काय लिहिलं. आणि सवयीनं ते घरच्या गटातही टाकलं.

पहिल्यांदाच दादाचं उत्तर आलं. "बाई, शब्द जपून टाक."

तिथं थांबायला हवं होतं. मी लिहिलं, "सत्य टोचतंच." नवरा म्हणाला, "अगं, रक्त तर तुमचं एकच आहे की." त्याला हसू येत होतं. मला आलं नाही. मी गटातून बाहेर पडले.

त्या वर्षी भाऊबीज मतदानाच्या तोंडावर आली. पुण्याच्या बाईंना कल्पना सुचली होती, सामूहिक भाऊबीज. मंगल कार्यालयात भाऊ पाटावर बसणार, गावोगावच्या बहिणी त्यांना ओवाळणार, आणि त्याचा व्हिडिओ निघणार. त्यासाठी ओळ मी द्यायची. दादाचा फोन महिन्याभरात नव्हता. फुरंगटून बसलेल्या बाईच्या हातून जे निघतं ते निघालं.

"रक्ताचा भाऊ वर्षातून एकदा येतो, आमचा भाऊ रोज येतो."

बाई म्हणाल्या, "ताई, हीच ओळ निवडणूक जिंकणार." ती जाहिरातीच्या गाड्यांवर लागली, रिंगटोन झाली, तालुक्यातल्या बायकांच्या स्टेटसला चढली. खरं सांगते, एकदासुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही की भाऊ रोज कधी येतात? माझ्या दारात तर ते एकदाही आले नव्हते.

भाऊबीजेला गाड्या गावात आल्या आणि सासूबाईंसकट सगळ्या बायकांना घेऊन गेल्या. घराला कुलूप लावताना मी एकदा रस्त्याकडं बघितलं. फटफटी नव्हती. नसू दे, म्हटलं.

कार्यालयात बायकाच बायका. बाहेर मोठा पडदा लावला होता, आतलं सगळं बाहेरच्यांना दिसावं म्हणून. ओळ माझी, तेव्हा पहिला मान माझा. ताट कॅमेरेवाल्यांनीच सजवलेलं होतं. मी कुंकू लावलं, सुपारी फिरवली, ओवाळलं. पुण्याच्या बाई पुढं आल्या आणि कानाशी म्हणाल्या, "सुंदर झालं, पण चेहरा कोरडा आहे. पुन्हा घेऊ." दुसऱ्यांदा ओवाळलं. त्या पुन्हा आल्या. "ताई, तुमची ओळ आठवा. जरा पाणी येऊ द्या डोळ्यांत."

ओळ आठवून पाणी येईना. मी ती केली होती ना, तिचे टाके मला माहीत होते. मग मी दादा आठवला.

माझ्या पाठवणीला वैशाखाचं ऊन होतं. जीपची सीट तापून भाजत होती. सगळे गळ्यात पडून रडत होते आणि दादा लांब उभा होता. मी जीपकडं वळले तेव्हा तो पुढं आला, खांद्यावरचं उपरणं काढलं, सीटवर अंथरलं, हातानं सारखं केलं आणि बाजूला झाला. ते उपरणं अजून माझ्या ट्रंकेत आहे.

ते आठवलं आणि माझे डोळे भरून वाहायला लागले. समोर पाटावर भाऊ होते. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, "रडू नको बहिणी, तुझा भाऊ बसलाय इथं." कार्यालय टाळ्यांनी दणाणलं. पुण्याच्या बाईंनी लांबून अंगठा दाखवला. मीही रडता रडता हसले. हे हसणंही व्हिडिओत आहे.

संध्याकाळी घरी आलो तर दाराच्या कडीला आईची पिशवी लटकत होती. आत अनारसे, कडबोळी, माझ्यासाठी साडी. मला वाटलं, आईनं कुणाबरोबर तरी पाठवली. दादा मात्र आला नाही. एवढा ताठा? मी साडी ट्रंकेत टाकली, ती त्या उपरण्यावरच टाकली, आणि व्हिडिओखाली आलेल्या बायकांना उत्तरं देत बसले.

भाऊ निवडून आले. गुलालात माझी साडी खराब झाली, त्याचंही मी कौतुकच केलं.

पुढचा पावसाळा सरता सरता एक दिवस मोबाईलवर फोटो आला. भाऊ आणि तो पलीकडचा पुढारी, ज्याच्या माणसांच्या रक्तात मी खोट काढली होती, दोघं एका हारात मान घालून उभे. खाली लिहिलेलं, "आपण सगळे एकाच कुटुंबाचे." पोस्ट माझी नव्हती. माझ्याहून वाईट लिहिणाऱ्या कुणाचीतरी होती, आणि तेवढ्या धक्क्यातही मला ते जाणवलं, याची लाज वाटते.

तासाभरात पुण्याच्या बाईंचा निरोप आला. "ताई, रक्ताच्या खोटीच्या सगळ्या पोस्ट आजच काढा प्लीज." मी फोन केला. "पण मी तर माणसं तोडली त्याच्यावरून," म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, कॅम्पेन संपलंय ना आता." जसं काही मीच मांडव उतरल्यावर अजून अक्षता धरून उभी होते.

मी कर्जतला भाऊंच्या ऑफिसात गेले. खूप वेळ बसवलं. शेवटी भाऊ बाहेर आले, हात जोडून म्हणाले, "बोला ताई. कुठल्या गावच्या तुम्ही?" मी सांगितलं. चेहऱ्यावर काही उमटेना. त्यांचा माणूस कानाशी लागला तेव्हा उजळले. "हां हां, तो व्हिडिओ. लई भारी झाल्ता." आणि जोडलेले हात माझ्या मागच्या माणसाकडं वळले. त्यांना व्हिडिओ आठवत होता. मी कोण, ते आठवायचं काही कारण नव्हतं.

घरी येऊन आईला फोन लावला. दादाशी बोलणं बंद होतं, पण आईशी चोरून बोलायचे. मी भाऊंना लाखोली वाहिली, म्हटलं, आई, मला फसवलं गं, घरातल्या माणसासारखं धरलं होतं मी त्याला. आई ऐकत होती. मग म्हणाली, "आन तू ज्याला फशिवलं त्याचं काय?"

"मी कुणाला फसवलं?"

"दादा आल्ता की त्या भाऊबीजंला. तुला न्यायला."

मला कळेचना. दादानं सांगू नको म्हटलं होतं, तरी आईनं आता तुटक तुटक सांगितलं. दादा सकाळी निघाला. गटातलं भांडण गटात, भाऊबीज ती भाऊबीज, असं म्हणाला. आमच्या दाराला कुलूप दिसलं. शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं, बाया सगळ्या कार्यालयात गेल्यात. तो पिशवी घेऊन तिकडं गेला. पुरुषांना आत सोडत नव्हते. तो बाहेर पडद्यापुढं उभा राहिला. "तू त्याला ववाळीत हुतीस," आई म्हणाली. "ववाळलं तर ववाळलं, त्याचं त्याला कायच न्हाई वाटलं. पन तू लई रडत हुतीस म्हने. मला म्हनला, आई, ती आपल्या दारातून निघताना बी एवढी रडली न्हाई."

मग तो परत आमच्या गावी आला होता. पिशवी कडीला लावली आणि उपाशीच घोडेगावला गेला.

वर्षभर मी समजत होते की तो ताठ्यात बसलाय. आणि तो तर येऊन, पिशवी लावून गेला होता. स्टेटसला पुढारी ठेवणंही त्यानं केव्हाच सोडलं होतं, तिथं आता एक म्हैस असायची.

फोन करायची हिंमत झाली नाही. दिवाळीची वाट बघितली. भाऊबीजेला सकाळपासून ताट करून बसले. न्यायला आल्याशिवाय दिवाळीला माहेरी जायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि जो न्यायला आला तेव्हा मी घराला कुलूप लावलं होतं, त्याची मी वाट बघत होते. दुपारी मोबाईल वाजला. गेल्या वर्षीचा व्हिडिओ पुन्हा सोडला होता. तीच मी, तेच रडणं, वर तीच ओळ, फक्त शेवटी आता दोन फोटो होते. भाऊ आणि तो पलीकडचा. "आता बहिणींना दोन भाऊ." मी ते काढायला सांगितलं. उत्तर आलं, "व्हिडिओ पेजच्या मालकीचा आहे."

संध्याकाळी मी ताट उचललं. शेजारीण म्हणाली, चंद्राला तरी ओवाळ. ज्यांना भाऊ नसतो त्या ओवाळतात चंद्राला. मी तिच्यावर अशी वसकले की ती अजून माझ्याशी जपून बोलते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पहाटे उठले. आईची ती पिशवी धुऊन ठेवली होती, ती भरली. करंज्या, चकल्या, दादाला आवडतो तो गूळ घातलेला खोबऱ्याचा लाडू. नगरला गाडी बदलून घोडेगावला उतरले, तेव्हा बाजार भरात होता. धूळ, शेण, म्हशींचं हंबरणं. दादा एका गिऱ्हाइकाबरोबर उभा होता, दोघांचे हात उपरण्याखाली. मला बघितलं. चेहरा हलला नाही. सौदा पुरा केला, मग आला.

"एकटीच आलीस?"

"तू आला नाहीस मग."

"म्हशी हुत्या," तो म्हणाला. भाऊबीजेला कसल्या म्हशी? त्यानं मला चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसवलं, पिशवी माझ्या हातातून घेतली, दोन चहा सांगितले. आईची तब्येत, यंदाचा कांदा, नवऱ्याची कंपनी, सगळं विचारलं. इतकं तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. पाहुण्यांशी बोलतात तसं बोलत होता.

मी येताना गाडीत सगळं ठरवून आले होते, कसं सुरू करायचं, कुठं थांबायचं. त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी सरळ म्हटलं, "दादा, ते रडणं त्याच्यासाठी नव्हतं. त्या बाईनं रडायला सांगितलं आणि मला रडू येईना. मग मी तुला आठवलं. जीपवरचं उपरणं आठवलं. ते पाणी तुझ्यासाठी होतं, शप्पथ सांगते."

दादानं चहा संपवून ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, आता विरघळेल. मी खरं बोलले होते, आणि खरं बोललं की माणूस विरघळतो असं मला वाटत होतं.

"माजंच हुतं," तो म्हणाला, "मंग त्याच्याम्होरं का सांडलंस, बाई?"

आवाज चढला नव्हता. खरंच त्याला कळत नव्हतं, म्हणून विचारत होता. टपरीवाल्यानं ग्लास उचलून नेले.

नगरची गाडी येताना दिसली तसा तो उठला. "घरी चल" म्हणेल म्हणून मी घडीभर बसून राहिले. तो म्हणाला नाही. पिशवीतले डबे त्यानं एकेक करून काढले, आपल्या उपरण्यात नीट बांधले. "आईला देतो," म्हणाला. मला गाडीत चढवलं, खिडकीची जागा बघून दिली. खाली उतरून खिडकीशी आला आणि पिशवी घडी घालून माझ्या हातात दिली.

गाडी सुटल्यावर मी ती उलगडली. कोपऱ्यापर्यंत हात घालून बघितलं. आत काही नव्हतं.